बोक्याला मधुमेह निघाला आहे: पहिल्या महिन्यात काय करायचं आणि कशाची घाई करायची नाही

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. मन्या नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून सहसा बाहेर न पडणारा. चार महिन्यांत सात किलोवरून साडेपाचवर आला. खातो दुप्पट, पाणी पितो त्याहून जास्त, आणि ट्रेमधली वाळू दिवसातून दोनदा बदलावी लागते. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा रक्तातली साखर ४१२ निघाली, लघवीतही साखर सापडली. ग्लार्जिन इन्शुलिन सकाळ-संध्याकाळ एक-एक युनिट सांगितलंय. तुम्ही नोकरी करता, सासूबाई म्हणतात मुक्या जनावराला रोज सुया टोचणं पाप आहे, आणि चार रात्री तुमच्या डोळ्याला डोळा नाही. तुम्ही विचारलंय, "हे मला जमेल का? आणि तो किती दिवस काढेल?"

मी बावीस वर्षं कुत्र्यामांजरांवर उपचार करतोय. सुई बघून चक्कर येणाऱ्या माणसांनीही आपल्या मांजराला वर्षानुवर्षं इन्शुलिन दिलेलं मी पाहिलंय. तुम्हाला जमेल. दुसऱ्या प्रश्नाला तारीख देता येत नाही, पण नीट सांभाळलेली मधुमेही मांजरं अनेक वर्षं जगतात आणि बऱ्याचदा शेवटी म्हातारपणाच्या एखाद्या वेगळ्याच आजाराने जातात. "आता संपलं" असं तुमच्या मनाने घेतलंय, तसं काही नाही.

मात्र एक गोष्ट आत्ताच पक्की करा. पहिल्या महिन्यात मन्याची साखर 'नॉर्मल' आणायची नाहीये. सुई टोचायची सवय लावायची, खाणं बदलायचं, वजनाची घसरण थांबवायची आणि साखर खूप खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच काम आहे. साखर चार दिवस ३५०वर राहिली, तो खातोय-पितोय आणि तरतरीत आहे, तर बिघडत नाही. तीच साखर चार तास ३०वर राहिली तर मांजर हातचं जाऊ शकतं. या आजारात मी जे अपघात पाहिले, त्यातले बहुतेक हयगयीने झालेले नव्हते. प्रेमापोटी केलेल्या घाईने झालेले होते.

आता मन्याला झालंय काय ते. पूर्वी घरातली म्हातारी माणसं 'लघवीला मुंग्या लागल्या' एवढ्यावरून मधुमेह ओळखायची. मांजरातही तसंच होतं. आमच्याकडे दोन-तीन जणांनी "ट्रेभोवती मुंग्यांची रांग लागते" एवढीच तक्रार आणली होती आणि निदान तिथेच अर्धं झालं होतं. मांजराच्या रक्तात साखर साधारण २७०-२८०च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि उतरताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान वाढते. पेशींना साखर मिळत नाही म्हणून शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळायला लागतं. भरल्या ताटावर बसून उपाशी राहण्यासारखंच ते आहे. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या 'टाइप २'सारखा असतो: इन्शुलिन तयार होतं पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि मग स्वादुपिंडही थकत जातं. वाढलेलं वजन, घरात बसून राहणं, नसबंदी झालेला बोका आणि सात-आठच्या पुढचं वय, ही मधुमेहाचा धोका वाढवणारी सगळी कारणं मन्याला लागू पडतात. पण यात तुमचा 'गुन्हा' शोधू नका. लाड सगळेच करतात, आणि सगळ्याच लाडावलेल्या बोक्यांना मधुमेह होत नाही.

एक गोष्ट मात्र आठवून पाहा. गेल्या वर्षभरात त्याला खाजेसाठी, हिरड्यांसाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का? विशेषतः 'एकदा दिलं की महिनाभर बघायला नको' असलं? स्टिरॉइडने मांजरात मधुमेह उघडा पडू शकतो. तसं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. कारण हटवता आलं तर मधुमेह मागे सरकायची शक्यता बरीच वाढते. आपण होऊन मात्र कुठलंही स्टिरॉइड एकदम बंद करू नका.

निदानाबद्दल तुम्ही शंका घेतलीय की "दवाखान्यात घाबरल्यामुळे तर साखर वाढली नसेल?" शंका अगदी योग्य आहे. पिंजऱ्यातून रिक्षाने आणलेल्या, कुत्र्यांच्या भुंकण्यात तासभर बसलेल्या निरोगी मांजराची साखर ३००च्या पुढे गेलेली मी पाहिलीय. म्हणून एका आकड्यावर कुणी निदान करू नये. पण मन्याची लघवीतली साखर, उतरलेलं वजन आणि तहान हे एकत्र पाहिलं तर संशयाला फार जागा उरत नाही. तरीही फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी झाली नसेल तर विचारा. माणसांत एचबीएवनसी जशी तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तशी ही साधारण मागच्या एक-दोन आठवड्यांची दाखवते, आणि त्या दिवशीच्या भीतीने ती बदलत नाही. जोडीला मूत्रपिंडाची तपासणी, लघवीचं कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघणं) आणि तोंडाची नीट पाहणी. सडलेला दात किंवा लघवीतला जंतुसंसर्ग असला तर इन्शुलिन कितीही द्या, गुण येत नाही. आणि लघवीत कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ, आहेत का, हे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. कागदावर दिसत नसेल तर उद्या फोन करून विचाराच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सिरिंज. हा भाग नवऱ्याला आणि सासूबाईंनाही वाचून दाखवा.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात इन्शुलिन मुख्यतः दोन ताकदीत मिळतं. माणसांच्या इन्शुलिनच्या कित्येक शीश्या एका एमएलमध्ये ४० युनिटच्या असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची यू-४० सिरिंज असते. नेहमीचं ग्लार्जिन एका एमएलमध्ये १०० युनिटचं असतं, त्याला नारिंगी टोपणाची यू-१०० सिरिंज लागते. दुकानदाराने सवयीने लाल टोपणाची दिली आणि तुम्ही तिच्यावरच्या '१' या खुणेपर्यंत ग्लार्जिन भरलं, तर मन्याला एक युनिट जाणार नाही, अडीच जाईल.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी मी एका पांढऱ्या मांजरीसाठी चिठ्ठीवर फक्त 'ग्लार्जिन, २ युनिट' लिहिलं. कुठली सिरिंज ते लिहिलं नाही. त्या घरच्यांनी मिळाली ती घेतली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते मांजरीला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले तेव्हा तिला झटके येत होते. सलाइनमधून ग्लुकोज देऊन ती वाचली, पण पुढचे दोन दिवस तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. हळूहळू दृष्टी परत आली. चूक माझी होती. तेव्हापासून मी चिठ्ठीवर सिरिंजच्या टोपणाचा रंग लिहितो, आणि पहिला डोस माणसाला माझ्यासमोर भरायला लावतो. तुमच्या डॉक्टरांनी तसं केलं नसेल तर शीशी आणि सिरिंज दोन्ही घेऊन जा आणि म्हणा, "मी भरते, तुम्ही बघा." यात लाजण्यासारखं काही नाही.

यू-१००मध्ये ०.३ एमएलची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली बारीक सिरिंज मिळते. शोधावी लागेल, पण तीच घ्या. एक युनिट म्हणजे इतका छोटा थेंब असतो की मोठ्या सिरिंजमध्ये बुडबुड्याएवढी चूकसुद्धा मोठी ठरते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मन्याला महिन्याला जेमतेम ६० युनिट लागणार आहेत. दहा एमएलच्या शीशीत १००० युनिट असतात, तीन एमएलच्या कार्ट्रिजमध्ये ३००. मोठी शीशी संपायच्या कितीतरी आधी टाकायची वेळ येईल, म्हणून डॉक्टरांना विचारून कार्ट्रिजच घ्या. शीशीवर उघडल्यानंतर २८ दिवस लिहिलेलं असतं. फ्रिजमध्ये नीट ठेवलेली शीशी मांजरांसाठी त्याहून जास्त दिवस वापरणारे डॉक्टर आहेत, पण तो निर्णय त्यांचा. उघडल्याची तारीख मात्र तुम्ही पेनाने लिहा. इन्शुलिन गढूळ दिसायला लागलं, तळाशी कण दिसले, तर फेकून द्या. ग्लार्जिन नितळच असतं.

ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा दुसरं कुठलंही इन्शुलिन मिसळायचं नाही. ते आम्लधर्मी द्रावण असतं. कातडीखाली गेलं की त्याचे अतिसूक्ष्म कण होतात आणि ते हळूहळू विरघळतात, म्हणून ते जास्त वेळ पुरतं. त्यात काही मिसळलं की हे गणितच बिघडतं. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा. दाराच्या कप्प्यात नको, बर्फाच्या कप्प्याला चिकटून तर मुळीच नको. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी निकामी असतं.

टोचायचं कसं? मन्याची वाटी समोर ठेवा. तो खायला लागला की खांद्यांच्या मागे किंवा कुशीवर, चिमटीत सैल कातडी उचला. खाली जो छोटा तंबू होतो त्याच्या पायथ्याशी सुई घाला, दट्ट्या दाबा, बाहेर काढा. सुई माणसाच्या इन्शुलिनचीच, केसासारखी बारीक असते. बहुतेक मांजरं खाताखाता कान हलवतात, बस. रोज जागा थोडी बदला. पहिले दोन दिवस रिकाम्या सिरिंजने संत्र्यावर सराव करा, हात स्थिरावतो. कधी टोचल्यावर केस ओले लागले, इन्शुलिनचा तो औषधी वास आला, तर औषध बाहेर सांडलेलं असू शकतं. तेव्हा पुन्हा टोचायचं नाही. किती गेलं ते आपल्याला कळत नाही, म्हणून पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. एक डोस हुकल्याने मांजर मरत नाही. दुप्पट डोसाने मरू शकतं.

दोघांनी टोचणं, हा घरोघरी होणारा अपघात. सकाळी तुम्ही घाईत टोचून लोकल पकडता, आणि तासाभराने नवरा "आज राहिलं वाटतं" म्हणून पुन्हा टोचतो. दुधाचा हिशेब जसा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो, तसा इन्शुलिनचा मांडा. टोचलं की लगेच त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहायची. खूण नसेल आणि कुणालाच नक्की आठवत नसेल, तर टोचायचं नाही. वेळ बारा-बारा तासांची ठेवा, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. लोकल रखडली आणि तासभर उशीर झाला तर चालतं.

आधी खाणं, मग सुई, हा क्रम मोडू नका. त्याने खाल्लं नाही, उलटी केली किंवा नुसता वाटी हुंगून गेला, तर नेहमीचा डोस द्यायचा नाही. डॉक्टरांना फोन करायचा. अर्धं खाल्लं तर किती, अजिबात नाही खाल्लं तर काय, हे आधीच त्यांच्याकडून लिहून घ्या आणि फ्रिजच्या दारावर चिकटवा. रात्री अकरा वाजता हा विचार करायची वेळ येऊ नये.

साखर खाली गेल्याची खूण ओळखायला शिका. ६०च्या खाली गेली की धोका सुरू. मांजर एकदम वखवखल्यासारखं खायला मागतं, किंवा उलट सुन्न होऊन कोपऱ्यात बसतं. चालताना झोकांड्या जातात, नजर शून्यात, अंग थरथरतं, आणि शेवटी झटके. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच खायला द्या, त्याला आवडणारं काहीही. गिळत नसेल तर ग्लुकोज पावडर चमचाभर पाण्यात घट्ट कालवून किंवा मध घेऊन, बोटाने ओठांच्या आतून हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. झटके चालू असताना दातांच्या मध्ये बोट घालू नका. आणि पाच मिनिटांत तो उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. हिरड्यांना लावलेल्या मधाचा जोर थोडा वेळच टिकतो, आतलं इन्शुलिन तासन्‌तास काम करत राहतं. ग्लुकोजचा एक डबा स्वयंपाकघरात आणि एक मन्याच्या प्रवासाच्या पिशवीत, आजच ठेवा.

दुसरा टोकाचा धोका कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात कीटोन साचून ते आम्लधर्मी होण्याचा. मधुमेही मांजराने खाणं सोडलं, उलट्या होतायत, ते मलूल पडलंय, श्वास खोल आणि जलद चाललाय, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतोय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. "उद्या बघू" नाही. घरी लघवीच्या कीटोन-पट्ट्यांची डबी ठेवता आली तर उत्तम.

आता खाणं, आणि इथे खरोखर तुमच्या हातात खूप काही आहे. मांजर पक्कं मांसाहारी जनावर आहे. पिष्टमय पदार्थातून आलेली साखर झटपट हाताळायची सोय त्याच्या यकृतात फार तोकडी असते. आणि आपण त्याला काय घालतो? दूध-पोळी, दूध-भात, आणि जोडीला ड्राय फूड. कोरड्या दाण्यांना आकार द्यायलाच पीठ लागतं, त्यामुळे त्यातल्या कित्येकांत पिष्ट भरपूर असतं. मन्याला जास्त प्रथिनांचं, कमी पिष्टाचं, ओलं खाणं हवं. पाउच किंवा डब्यातलं, पण 'संपूर्ण आहार' लिहिलेलं. काही पाउच नुसते वरखाऊ असतात, तेवढ्यावर मांजर ठेवता येत नाही. ग्रेव्हीवाल्यापेक्षा मऊ लगद्यासारखं असलेलं बरं, कारण ग्रेव्ही बऱ्याचदा पिठाने किंवा स्टार्चने दाट केलेली असते.

"मग रोज चिकन उकडून घालू का?" असं तुम्ही विचाराल. थोडं, खाऊ म्हणून, जरूर. पण रोजचं पोट त्यावर भरू नका. नुसत्या बिनहाडाच्या चिकनमध्ये कॅल्शियम फारच कमी असतं, आणि टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल, पुरेल याची खात्री नसते. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगतं आणि डोळ्यांचा पडदा खराब होतो. हे १९८०च्या दशकात हृदयरोगाशी जोडलं गेलं आणि त्यानंतर मांजरांच्या खाण्यात टॉरिन वाढवण्यात आलं. घरीच शिजवायचं असेल तर पशुवैद्यकाकडून मोजमापासह पाककृती घ्या आणि पुरवण्या चुकवू नका. कांदा-लसूण अजिबात नको, मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. सुकट-बोंबलातलं मीठही नको.

खाणं एका दिवसात बदलू नका, आठ-दहा दिवस घ्या. यामागे दोन कारणं आहेत. बोक्याने नवं खाणं नाकारून दोन-तीन दिवस उपास काढला, विशेषतः जाड बोक्याने, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं: पिष्ट कमी झालं की इन्शुलिनची गरजही कमी होते, कधीकधी झपाट्याने. डोस तोच आणि खाणं बदललं, म्हणजे साखर खाली जाणार. म्हणून बदल सुरू करायच्या दिवशी डॉक्टरांना सांगा आणि त्या दिवसांत साखर घरी मोजा. मूत्रपिंडाचे आकडे बिघडलेले असतील तर खाण्याचा सगळा विचार वेगळा करावा लागतो, म्हणून ती तपासणी आधी. सध्या मन्याचं वजन आणखी उतरवायचं नाही. आधी गेलेले स्नायू भरू देत.

घरी साखर मोजणं ऐकायला अवघड वाटतं, प्रत्यक्षात आठवड्यात जमतं. कानाच्या कडेला एक बारीक शीर असते. कान तळहातात धरून गरम करा किंवा कोमट पाण्यात पिळलेला कापूस धरा, मागे कापसाचा बोळा ठेवा, टोचा, थेंब पट्टीला लावा. मग खाऊ द्या, प्रत्येक वेळी, न चुकता. काही दिवसांनी ग्लुकोमीटरचा डबा वाजला की तो स्वतः येऊन बसेल. माणसांचा ग्लुकोमीटर मांजरात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, कारण मांजराच्या रक्तात साखर पेशींमध्ये आणि द्रवात वेगळ्या प्रमाणात विभागलेली असते. जनावरांसाठीचं वेगळं यंत्र मिळालं तर घ्या. नाहीतर एकच माणसांचं यंत्र कायम वापरा आणि कुठल्या यंत्राचा आकडा आहे ते डॉक्टरांना सांगा. माणसांच्या दंडावर लावतात ते चौदा दिवसांचं सेन्सर मांजराच्या खांद्यावर केस काढून लावता येतं. खर्चिक आहे आणि काही बोके ते ओरबाडून काढतात, पण सुरुवातीच्या दोन आठवड्यांसाठी परवडत असेल तर मी ते सुचवतो. रात्री साखर कुठे जाते, हे दुसऱ्या कशाने इतकं दिसत नाही.

रोज दहा वेळा मोजू नका. सकाळ-संध्याकाळच्या इन्शुलिनच्या आधी एकेकदा, आणि डॉक्टर सांगतील त्या रविवारी दर दोन तासांनी बारा तास, म्हणजे पूर्ण आलेख. आणि आकडा बघून डोस वाढवायचा नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच ते करावंसं वाटतं. सकाळी ३८० दिसतो, जीव घाबरतो, हात अर्धं युनिट जास्त भरायला शिवशिवतो. ग्लार्जिनला स्थिर व्हायला काही दिवस लागतात. मी स्वतः किमान पाच-सात दिवस थांबतो, आणि वाढवलंच तर अर्ध्या युनिटने. डोस आकड्यावरून तर ठरतोच, पण मांजरावरूनही ठरतो: पाणी कमी झालं का, वजन थांबलं का, तो पुन्हा खिडकीत उडी मारायला लागला का.

पाणी मोजायचं काम सासूबाईंना द्या. सकाळी मोजून अर्धा लिटर पाणी वाडग्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं. मन्याच्या वजनाचं मांजर दिवसाला पाव लिटरच्या पुढे पाणी पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे. ओलं खाणं सुरू झाल्यावर निम्म्यापेक्षाही कमी व्हायला हवं. आणि पाप म्हणाल तर त्यांना माझा निरोप सांगा: त्यांची काळजी चुकीची नाही. पण सुईचा चटका सेकंदाचा, तोही बहुधा त्याला जाणवत नाही. उपचार न करता त्याची जी चार महिन्यांत दशा झाली, सतत भूक, सतत तहान, झिजत जाणारे मागचे पाय, तो खरा त्रास होता, फक्त तो ओरडून सांगत नव्हता. सात दिवस वाडग्यातलं पाणी मोजलं की त्यांना स्वतःलाच फरक दिसेल.

मागच्या पायांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण चालताना तो टाचा टेकवून ससा बसल्यासारखा चालतो का बघा. जास्त साखरेने नसा दुखावल्या की असं होतं. साखर आटोक्यात आली की काही महिन्यांत बऱ्याच मांजरांचं पुष्कळ सुधारतं. डोळ्यांत मोतीबिंदू होण्याची भीती कुत्र्यांइतकी मांजरांना नसते.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी, हे काहीही देऊ नका. ते कडू औषध बळेबळे पाजताना मांजर खाण्याचाच तिरस्कार करायला लागतं, आणि इन्शुलिनवर असलेल्या मांजराने खाणं सोडणं म्हणजे काय ते वर सांगितलंच. घरात सासऱ्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या असतील, त्यातली एकही नको. मेटफॉर्मिनचा मांजरांना फारसा उपयोग होत नाही. 'ग्लिफ्लोझिन' गटाची मांजरांसाठीची औषधं अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये आणि पुढे २०२३मध्ये मंजूर झाली, दिवसातून एकदा तोंडाने द्यायची, सुई नाही. पण ती प्रत्येक मांजराला चालत नाहीत. साखर जेमतेम वाढलेली असतानाही कीटोन वाढू शकतात, त्यामुळे तपासण्या काटेकोर लागतात, आणि आधी इन्शुलिन घेतलेल्या मांजरांना ती द्यायची नसतात. माणसांची त्या गटाची गोळी तोडून देणं हा त्यावरचा पर्याय नाही.

आणि आता जी गोष्ट मला तुम्हाला पहिल्या ओळीत सांगावीशी वाटत होती, पण मुद्दाम मागे ठेवली. काही मांजरांचा मधुमेह मागे सरकतो. इन्शुलिन लवकर सुरू झालं, खाणं बदललं, साखर सांभाळली, तर थकलेलं स्वादुपिंड पुन्हा काम करू लागतं आणि सुई बंद करता येते. झालं तर बहुधा पहिल्या काही महिन्यांतच होतं. मन्याचं निदान लवकर झालंय, त्यामुळे आशा ठेवायला जागा आहे. मागे ठेवण्याचं कारण असं की या आशेपायी माणसं डोस वाढवत नेतात, आणि नेमकं जेव्हा स्वादुपिंड जागं होत असतं तेव्हाच साखर अचानक खाली जाते. न वाढवता सकाळचे आकडे आपोआप उतरत चालले, १५०च्या आसपास यायला लागले, की आनंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. डोस कमी करायची वेळ आलेली असू शकते. आणि सुई बंद झाली तरी दूध-पोळी परत सुरू करायची नाही. सुटलेला मधुमेह परत आलेली मांजरंही मी पाहिली आहेत.

गणपतीला कोकणात जायचं म्हणालात. पहिल्या दोन महिन्यांत तरी मन्याला नेऊ नका आणि अनोळखी माणसावरही सोडू नका. घरात एक जण थांबा. नंतर न्यायचं झालं तर इन्शुलिन थर्मासमध्ये, बर्फाला थेट न टेकवता, रुमालात गुंडाळून. गावी वीज गेली तर माठाच्या थंडाव्यात, कोरड्या डबीत बंद करून, एखादा दिवस निभतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि दवाखान्यात परत द्या. ओल्या कचऱ्यात टाकल्या तर त्या सफाई करणाऱ्यांच्या हातात घुसतात.

आज रात्री एवढंच करा: सिरिंजचं टोपण नारिंगी आहे ना बघा, ग्लुकोजचा डबा फडताळात समोर ठेवा, कॅलेंडरशेजारी पेन बांधा. उद्या सात वाजता वाटी भरा. पंधरा दिवसांनी मला त्याचं वजन, पाण्याचं माप आणि सकाळचे आकडे लिहून पाठवा, आणि तो खिडकीत चढला का तेही.